पेडल दाबायला माणूस

माझा राग नाकावर असतो हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा आधीच सांगून टाकते: ही गोष्ट मी रागातच सांगतेय. राग आहे तो शेजारच्या मिस्त्रींवर. त्यांचं गॅरेज आणि माझं शिलाईचं दुकान एकाला एक लागून. मी गाड्यांच्या सीटा शिवते, सोफ्यांची कव्हरं शिवते, नाही म्हणून कुणाला परत पाठवत नाही.

मिस्त्री उंच, पाठीत वाकलेले आणि बोलण्याच्या बाबतीत महाकंजूष. बोलायचं खातं त्यांच्या बायकोकडे, म्हणजे वहिनींकडे होतं. क्लचचं काम आलं की वहिनी गाडीत जाऊन बसायच्या, मांडीवर भाजी निवडायला घेऊनच. मिस्त्री गाडीखाली. खालून आवाज यायचा, "दाब." वहिनी पाय दाबायच्या. "सोड." सोडायच्या. आणि न विचारता वरून सांगायच्या, "आज जड लागतंय हो," किंवा "मधेच मऊ पडतंय." एकानं पेडल दाबायचं आणि दुसऱ्यानं खाली काय हलतंय ते बघायचं, हे काम मुळातच दोन माणसांचं. गिऱ्हाइकं चेष्टा करायची, की आजार वहिनी ओळखतात आणि मिस्त्री नुसतं औषध देतात. मिस्त्री त्यावर हसायचे, पण नाही म्हणायचे नाहीत.

वहिनी गेल्या. त्यानंतर मिस्त्रींनी एक लाकडी दांडकं कापून घेतलं. त्यानं पेडल दाबायचं, दांडकं सीटला अडकवायचं, आणि जमिनीवर ठेवलेल्या आरशात वाकून बघायचं, पेडलबरोबर हलणारा खालचा दांडा सरकला का. मी एकदा म्हटलंही, "अहो, हाक मारा की, मी येऊन दाबते." तर म्हणाले, "तुमचं काम खोळंबेल." म्हटलं मरू दे. मी काय पाया पडू?

हळूहळू गाड्या यायच्या थांबल्या. नव्या गाड्या सगळ्या कंपनीच्या वर्कशॉपला जातात. उरली एक, डॉक्टरांची. लाल, बुटकी, दोनच सीटची, जुन्या काळातली शर्यतीची गाडी. डॉक्टर वारले तरी त्यांचा मुलगा ती इथेच आणायचा. मिस्त्रींची लेक दूर राहते. ती रोज फोनवर कटकट करायची, "बाबा, बंद करा आता ते, माझ्याकडे या." मिस्त्रींचं उत्तर ठरलेलं, "डॉक्टरांची गाडी येतेय तोवर नाही." लेक शेवटी म्हणाली, "ठीक. ती बंद झाली की मात्र मी काही ऐकणार नाही." मिस्त्री हो म्हणाले. ती गाडी काय बंद होतेय, अशा थाटात हो म्हणाले.

आणि झाली की बंद! डॉक्टरांचा मुलगा ती ढकलत घेऊन आला. सिग्नलला क्लच दाबून उभा होता, तर गाडी आपणहून पुढे सरकायला लागली. नंतर गिअर पडेना, नुसता करकरत होता. मिस्त्रींनी दिवसभर तपासलं. पेडलचा दाब खालच्या दांड्यापर्यंत नेणारं क्लचचं तेल भरलेलं, कुठे थेंब गळत नव्हता. दांडक्यानं पेडल दाबलं, लगेच आरशात पाहिलं, तर खालचा दांडा व्यवस्थित बाहेर आलेला. स्वतः बसून पायानं दाबून पाहिलं, काही वेगळं वाटलं नाही. म्हणजे तेलाचं काम ठीक, दोष आत. "क्लचची प्लेट गेली," ते मुलाला म्हणाले. "गिअरबॉक्स उतरवावा लागेल, आणि या गाडीची प्लेट आता जगात कुठे मिळेल असं वाटत नाही."

मुलानं हात टेकले. म्हणाला, "मग भंगारवाल्याला सांगतो. उद्या नेईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कात्री घेऊन गॅरेजमध्ये गेले. त्या गाडीच्या सीटा मी शिवल्या होत्या, चांगल्या चामड्याच्या, दुहेरी शिलाईच्या. त्या भंगारात जायच्या? माझ्या जिवावर आलं होतं. मिस्त्री स्टुलावर बसून होते. चहा समोर तसाच गार झालेला. मी म्हटलं, "मी माझं कातडं सोडवून नेते." ते म्हणाले, "न्या."

ड्रायव्हरच्या सीटवर बसून मी वाकून टाके उसवायला लागले. जोर हवा म्हणून डावा पाय कुठेतरी रोवला, तो नेमका पेडलवर. पेडल गेलं खाली, थांबलं, मी टेकले, आणि बघते तर पाय आणखी खाली चाललाय. हळू, पण चाललाय.

"अहो, हे काय?" मी ओरडले. "पाय आत चाललाय माझा!"

मिस्त्री उठले. "काय म्हणालात?"

"पेडल बसतंय खाली. मी दाबत नाहीये, नुसता पाय ठेवलाय."

"सोडा. परत दाबा आणि धरून ठेवा." एवढं म्हणून ते गाडीखाली गेले. मी दाबून धरलं. पुन्हा तेच, पाय आपला खाली खाली. ते खाली दांड्याकडे बघत पडून राहिले. मग म्हणाले, "तुमचा पाय अजून दाबलेलाच आहे?"

"अहो, आता जमिनीला टेकलाय!"

"इकडे दांडा परत गेला."

बाहेर आले ते तोंडभर हसत. वहिनी गेल्यापासून मी ते हसू पाहिलं नव्हतं. प्लेट धडधाकट होती. पेडलजवळच्या सिलिंडरमधलं रबर झिजलेलं, त्यामुळे तेल बाहेर न गळता आतल्या आत मागे फिरत होतं. पटकन दाबून पटकन बघितलं तर सगळं ठीक दिसणार. पाय ठेवून थांबलं तरच कळणार. माझा जीव भांड्यात पडला. कात्री ठेवली, आणि मग डोक्यात आलं ते मी बोलून गेले, मला कुठे गप्प बसवतं?

"पण काल तुम्ही पायानं दाबून बघितलं होतंत ना? तेव्हा नाही कळलं?"

मिस्त्रींचं हसू गेलं. ते स्टुलावर बसले, डाव्या पायातला बूट काढला, मोजा काढला. म्हणाले, "ताई, तुमच्याकडे सुई असेल." माझ्या पदराला असतेच. त्यांनी ती घेतली आणि तळव्याला टोचली. चांगली टोचली, रक्ताचा थेंब आला. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

"शुगर," ते म्हणाले. "घोट्याखाली काही कळत नाही."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

"आणि कुणाला सांगितलं नाहीत?" मी अशी भडकले म्हणता!

"कुणाला सांगू?" ते म्हणाले आणि मोजा चढवायला लागले.

मग त्यांनी जुन्या डब्यांतून मापाचं रबर शोधून काढलं, सिलिंडर उघडला, रबर बदललं, तेल भरलं. मी पेडलवर. "दाबा." "सोडा." "दाबा, धरा." पेडल खडकासारखं घट्ट राहिलं. भंगारवाल्याला फोन गेला, येऊ नको. दुपारी डॉक्टरांचा मुलगा आला आणि लहान पोरासारखा खूश होऊन गाडी घेऊन गेला. मिस्त्रींनी त्याला सरळ सांगितलं, "काल मी चुकीचं सांगितलं होतं." त्यानं ते ऐकलंसुद्धा नसेल.

मी म्हटलं, "चला! आता लेकीला कळवा, गाडी धावतेय, मी काही येत नाही म्हणून."

त्यांनी फोन लावला. म्हणाले, "ये मला न्यायला."

मला वाटलं माझ्या कानांत काही बिघडलं. "अहो, गाडी तर वाचली!"

"आज क्लच होता, ताई. उद्या ब्रेक असता आणि मी ठीक आहे म्हणून पाठवली असती तर?"

"मग मी आहे की! मी दाबत जाईन. माझं मशीन काय पळून चाललंय?"

त्यांनी फोन खिशात ठेवला. मग अगदी हळू म्हणाले, "रोज गाडी कुठे येते?"

गाडी नाही आली तरी बसू की चहा पीत, असं मला म्हणायचं होतं. एरवी माझी जीभ कुणासाठी अडत नाही. नेमकी तेव्हा अडली.

लेक आली. हत्यारं एका ओळखीच्या मिस्त्रीला देऊन टाकली, कपड्यांची एक बॅग झाली, बस्स. बाप गाडीत बसल्यावर ती माझ्या दुकानात आली आणि माझे हात धरले. डोळे भरून आले होते तिचे. म्हणाली, "मावशी, तुमचा खूप आधार होता. मी काळजी करायचे तेव्हा बाबा दर वेळी हेच सांगायचे, शेजारी ताई आहेत, काही लागलं तर हाक मारीन."

मी तिला काय सांगणार? बरं बाई, सुखानं जा म्हटलं. पण बाहेर त्या गाडीच्या काचेपाशी जाऊन मी त्या माणसाला चांगलं खडसावलं, सगळी गल्ली बघत होती, बघू दे. म्हटलं, "मग मारायची होती हाक! मी काय मेले होते?"

लेकीनं गाडी सुरू केली.