देवजीच्या जीपमधली पाठराखीण

किन्हवलीचा देवजी जीप चालवायचा, आणि चालवताना त्याचं नाक जरा वरच असायचं. असू द्या की! एवढ्या नवऱ्या त्याने सासरी पोचवल्या, एकीच्याही मुंडावळीला धक्का लागला नव्हता. प्रत्येक दार तो स्वतः ओढून बघायचा. सगळ्यांचे हातपाय आत आल्याशिवाय त्याची गाडी हलत नसे. "देवजी बैलगाडी हाकतंय," म्हणून लोक चेष्टा करायचे. तो हसायचा आणि आपलंच खरं करायचा.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात मितालीचं लग्न लागलं. सासर मुरबाडकडचं. नवरीसोबत चार दिवस राहायला पाठराखीण जाते, तर या पोरीने निवडावं कुणाला? चिंगीला, आपल्या कुत्रीला! डोळे उघडले नव्हते तेव्हापासून तिने बोळ्याने दूध पाजून वाढवलेली. दुसऱ्याच्या हातचं चिंगी खात नसे. मागे राहिली तर उपाशी मरेल, हीच मितालीला धास्ती.

नवऱ्याचा चुलता कमळू भडकला. "नवरीच्या गाडीत कुत्रा? गळ्याला दोरी लाव नि टपावर बांध. बाजाराला बकरी नेतो ना आमी!"

मितालीला रडू फुटलं. देवजीने किल्ली खिशात टाकली.

"टपावरनं उडी मारली तं फास लागंल तिला. माझ्या गाडीत तिला आतच जागा. नायतं दुसरी जीप बघा."

लग्नसराईत दुसरी जीप मिळणार कुठून! कमळू तोंड वाकडं करून आत बसला.

देवजीला याच लग्नात मानाचा टॉवेल मिळाला होता, घडीही न मोडलेला. त्याने तो उभा फाडून पट्टे केले. एक चिंगीच्या छातीवरून, पुढच्या पायांमागून फिरवून पाठीवर बांधला, गळा मोकळा ठेवला. दुसऱ्याने तिला सीटच्या पायाशी आखूड बांधलं. खाली पोतं अंथरलं.

सरळगावच्या पुढे वळणावर म्हैस आडवी आली. देवजीने करकचून ब्रेक दाबला. टपावर बांधलेला आंदणाचा हंडा दोरी तोडून सुटला, बॉनेटवर आपटून शेतात गेला आणि चेपला. आत माणसं एकमेकांवर कोसळली. चिंगी पुढे ढकलली गेली, पट्ट्याला अडली आणि पुन्हा पोत्यावर बसली. कमळूने हंडा उचलून आणला, एकदा टपाकडे बघितलं, आणि तो आतच मांडीवर घेऊन बसला. देवजीची छाती मात्र अशी फुगली की शर्टाच्या गुंड्या तुटायच्याच बाकी होत्या.

दारात सासू गोदूबाय भाकरतुकडा घेऊन उभी होती. नवरी उतरली की ड्रायव्हरचं काम संपतं, म्हणून देवजी जीपला टेकून लांबच राहिला. गोदूबायने नवरानवरीवरून तुकडा ओवाळला. कमळूने तिला वाटेतली हकिकत सांगितली. तिने चिंगीवरूनही ओवाळला, मग हाक मारली, "ओ भाऊ, तुमी लांब का? हितं या. माझ्या घरची मानसं सुखरूप आनलीत तुमी. कुत्रीपन घरचीच हाय आता."

एवढ्या नवऱ्या पोचवल्या, पण कुणी देवजीवरून तुकडा ओवाळण्याची ही पहिलीच वेळ. तो उंबऱ्याशी मान ताठ ठेवूनच उभा राहिला. जरा खाली घातली असती, तर डोळ्यांतलं पाणी सगळ्यांदेखत गळलं असतं.