फाट्यावरचा सोडा

माझे पती वनरक्षक होते. रोज चालणारा माणूस. मी गावच्या वाचनालयात बसणारी बाई. दोघांपैकी आधी कोणाचं हृदय थांबेल, असं कुणी विचारलं असतं, तर अख्ख्या शेलूबाजार गावानं माझ्याकडे बोट दाखवलं असतं. वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला स्टुलावर चढले तरी मला धाप लागायची. ते मात्र जंगलात चालता चालता खाली बसले आणि उठले नाहीत.

त्यांच्या जागी मला नोकरी मिळू शकते, हे त्यांच्या कार्यालयातल्या एका साहेबांनी घरी येऊन सांगितलं. मला वाटलं, टेबलाशी बसायचं काम असेल. साहेब म्हणाले, "कारकुनाची जागा नाही हो. वनरक्षकाचीच आहे. आणि चालण्याची परीक्षा द्यावी लागेल. सोळा किलोमीटर, चार तासांत."

पंचेचाळिशीच्या आत नेमणूक व्हायला हवी होती आणि मला चव्वेचाळीस पूर्ण झाली होती. म्हणजे एकच संधी. मुलगी अकोल्याला शिकत होती. वाचनालयाच्या मानधनावर तिचं शिक्षण आणि आमचं घर दोन्ही निभणं शक्य नव्हतं. मी हो म्हणाले. आपल्या तोंडून हो निघालं, याचाच मला धक्का बसला.

पहिल्या दिवशी उजाडताना घराबाहेर पडले. हायवे ओलांडून गावाबाहेरच्या रस्त्याला लागले आणि पुलापर्यंत जाऊन परत आले. एवढ्यानंच पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. सासूबाई ओट्यावर बसून होत्या. मी भिंतीला धरून पायरी चढतेय हे त्यांनी पाहिलं.

"काय व, पुस्तकाले उधई लागते तशी तुह्या पायाले लागली वाटते."

पायांना वाळवी! मुलगा गेल्यापासून त्या पहिल्यांदाच असं काही बोलल्या होत्या. मला हसू आलं आणि हसल्याबद्दल लगेच भीतीही वाटली.

पाय महिन्याभरात वळणावर आले. अडचण वेगळीच निघाली. आमच्याकडे घरात मयत झाल्यानंतर पहिल्यांदा भेटणारं माणूस उभ्याउभ्या बोलत नाही. बसावं लागतं. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्यानंही बसायचं. बाया गळ्यात पडून रडतात, पुरुष समोर मान खाली घालून बसतात. थोडा वेळ जाऊ द्यायचा, मग "होनी होती" म्हणायचं आणि उठायचं. न बसता पुढं निघून जाणं म्हणजे समोरच्याच्या दुःखाला आणि आपल्याही दुःखाला लाथ मारल्यासारखं. हे गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बरीच माणसं येऊन गेली होती. पण हे ज्या रस्त्यानं जंगलात जात, त्या रस्त्यावरच्या वाड्या-वस्त्यांवरची माणसं राहिली होती, आणि मी सरावासाठी नेमका तोच रस्ता धरला होता.

वेग यायला लागला की समोरून कुणीतरी यायचंच. दुधाच्या कॅना लावलेली मोटारसायकल थांबायची. तुरीच्या शेताच्या धुऱ्यावरून बाया हाका मारत यायच्या. मी रस्त्याच्या कडेला मातीत बसायचे. त्या रडायच्या, मी रडायचे, घड्याळ चालत राहायचं. उठून पुन्हा चालू लागले की पाय थंड पडलेले असायचे. असं एका सकाळी तीनदा झालं आणि मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, की या हिशेबानं मी काही पास होत नाही.

"मंग तोंडाले रुमाल बांध," त्या म्हणाल्या. "कालेजातल्या पोरी गाडीवर बांधतात तसा. निरे डोये दिसले पायजेत."

"आई, लोक काय म्हणतील?"

"लोकायले समजलं तर म्हणतीन ना!"

चव्वेचाळीस वर्षांची बाई, डोक्याला आणि तोंडाला ओढणी गुंडाळून, पायात पांढरे बूट घालून, तुरीच्या शेतांमधून झपझप चालली आहे. दोन-चार कुत्री मागे लागली, पण माणसांनी ओळखलं नाही. पंधरवड्यात मी जंगलाकडे वळणाऱ्या फाट्यापर्यंत जाऊन न थांबता परत येऊ लागले. छाती भरून श्वास घेता येतो, हे मला इतक्या वर्षांत ठाऊकच नव्हतं. ज्या माणसाला हे ठाऊक होतं तोच नव्हता. या विचारापाशी मी दररोज अडखळायचे आणि तो ओलांडून पुढे जायचे.

फाट्यावर एका जैन शेठजींचं किराणा दुकान आहे. एका सकाळी बाटलीतलं पाणी संपलं, म्हणून मी तिथं थांबले आणि पाणी प्यायला तोंडावरची ओढणी खाली केली. शेठजी वजनकाटा पुसत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फडकं ठेवलं आणि बाहेर आले. हे गेल्यापासून त्यांची माझी भेट झालेली नव्हती.

"वहिनी, बसा."

त्यांनी एक लाकडी स्टूल पुढे केलं आणि स्वतः पायरीवर बसले. रीतीप्रमाणे मान खाली घातली. मग म्हणाले, "ह्याच स्टुलावर बसत तुमचे साहेब."

"रोज?"

"पहिले नाही. आखरीच्या दोन-तीन महिन्यात रोज. इथं गाडी लावत अन् छाती चोळत बसत. म्हणत, शेठजी, पित्त लय वर येऊन राह्यलं, सोडा द्या. मी लिंबू पिळून, काळं मीठ टाकून देत होतो. ढेकर आला की, बरं वाटलं म्हणत अन् जंगलात जात." ते थांबले. "तुमाले तर सांगतलंच असन त्यायनं."

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला आठवत नाही. त्यांना ती हो वाटली असावी, कारण ते पुढे बोलत राहिले.

"मी म्हटलं होतं, एकदा वाशिमले दाखवा. तर हसले. म्हणे, घरी कळलं तर आमची बाई पुस्तक काढून बसते अन् आजच्या आज दवाखान्यात नेते. गणना होऊ द्या, मंग जातो."

गणना म्हणजे बुद्धपौर्णिमेची. त्या रात्री वनरक्षक पाणवठ्याजवळ मचाणावर बसून पाण्यावर येणारी जनावरं मोजतात. घरोघर खीर होते, विहारात वंदना होते, आणि आमचं लग्न झाल्यापासून त्या दिवशी हे कधी घरी नसायचे. यंदाच्या गणनेच्या आधीच्या आठवड्यात ते गेले.

मी उठले. शेठजी "चहा घ्या वहिनी" म्हणत होते. परतीच्या रस्त्यावर मी ओढणी बांधायची विसरले, पण त्या दिवशी कुणी अडवलं नाही. तोंडच तसं झालं असेल. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. फाट्यावरच्या दुकानाला माहीत होतं. तिथल्या स्टुलाला माहीत होतं. ज्या घरात आम्ही वीस वर्षं समोरासमोर बसून जेवलो, त्या घराला माहीत नव्हतं.

सासूबाईंना मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "मलेही मागे तो ओवा. तू वाचनालयातून यायच्या आंधी. मी भाजून देत होती. म्या म्हटलं, पित्तच असन."

त्या रडतील असं मला वाटलं होतं. त्या रडल्या नाहीत, मीही नाही. चालण्याची परीक्षा आठ दिवसांवर आली होती, आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्याच रस्त्यानं गेले, कारण दुसरा मला पाठ नव्हता.

परीक्षेच्या दिवशी वाशिमच्या बाहेर एका रस्त्यावर आम्हाला उभं केलं. बाकीच्या बहुतेक पोरी माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी मला "काकू" म्हणून मधोमध घेतलं आणि शिट्टी झाल्यावर मागे टाकलं. मागून एक जीप हळूहळू येत होती. तीत डॉक्टर आणि एक अधिकारी. अर्ध्याच्या पुढे जाईपर्यंत सगळं ठीक होतं. मग डाव्या बरगडीखाली दुखू लागलं. आधी टोचल्यासारखं, मग आवळल्यासारखं.

मला खरंच असं वाटलं, की पित्त असेल. सकाळी उपाशीपोटी चहा घेतला होता. हे वाक्य डोक्यात तयार झालं आणि मी जागच्या जागी थांबले. हात वर केला. जीप जवळ आली.

"छातीत दुखून राह्यलं," मी म्हणाले. साहेबांसमोर मी कधी अशी गावच्या बोलीत बोलले नव्हते.

अधिकारी म्हणाले, "ताई, बसाल तर तुमचा वेळ जाईल. घड्याळ थांबत नाही."

"जाऊ द्या," मी म्हणाले आणि बसले.

डॉक्टर तरुण होती. तिनं नाडी धरली, रक्तदाब पाहिला, छातीला नळी लावून पुढून-मागून ऐकलं, कुठे दुखतं ते बोटानं दाबून पाहिलं. मला वाटलं, आता ही म्हणेल, तुमचं संपलं. ती म्हणाली, "श्वास कोंडून चालत होतात. बरगडीच्या स्नायूत वांब आलाय, बाकी काही नाही. हृदय एकदम चांगलं आहे तुमचं, काकू."

दुखण्यापेक्षा जास्त मला ते वाक्य लागलं. त्यांनी सांगायचं ते एवढंच होतं, छातीत दुखून राह्यलं. तीन शब्द. त्यांना विचारायला, ऐकायला, नळी लावायला जगात एवढी माणसं होती, आणि ते सोडा पीत बसले.

पाणी पिऊन मी उठले. पुढचं चालणं मला नीट आठवत नाही. मी मोठ्यानं श्वास घेत होते आणि कदाचित त्यांच्याशी भांडत होते. रेघ ओलांडली तेव्हा घड्याळवाल्या माणसानं "बसलं बाई वेळेत" म्हटलं. किती मिनिटं उरली होती, ते मी विचारलं नाही.

घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. सासूबाई दारातच होत्या.

"काय झालं व?"

पास झाल्याचं सांगायच्या आधी मी म्हणाले, "आई, मधेच छातीत दुखलं होतं."

त्या वळून स्वयंपाकघरात गेल्या आणि फळीवरच्या ओव्याच्या डबीकडे त्यांचा हात गेला. डबीपर्यंत पोचला नाही. तसाच वर राहिला.