सॉर्टर अण्णांची वाटोळी पंगत

गणिताचं कुठलंही पुस्तक हातात आलं की सॉर्टर अण्णा आधी शेवटची पानं उघडायचे. उत्तरांच्या पानांना गव्हाच्या पिठाची खळ लावायचे आणि वर पाटा ठेवून ती चिकटवून टाकायचे. माझ्या पुस्तकाचीही त्यांनी पहिल्याच दिवशी तीच गत केली. ते कॉलेजच्या ग्रंथालयाचं आहे हे सांगेपर्यंत पाटा वर बसला होता. ग्रंथपालांनी मला वर्षभर दुसरं पुस्तक दिलं नाही, हे वेगळंच. मी तणतणले, तर अण्णा शांतपणे म्हणाले, "उत्तर आधी दिसलं की माणूस विचार सोडून त्याच्याकडे ओढला जातो. बस आता. मोज."

एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या अखेरची ही गोष्ट. शिवाजीनगरच्या एका गल्लीत आमची आणि त्यांची घरं समोरासमोर होती. दोन्ही घराणी तीन पिढ्यांपूर्वी बंगळूरला येऊन रुजलेली, त्यामुळे घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. अण्णा टपालखात्यात सॉर्टर होते. पत्रं गावोगावच्या खणांत टाकता टाकता त्यांना मोजणीचा नाद लागला. शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच थांबलेलं, पण शब्दकोश मांडीवर घेऊन ते इंग्रजी पुस्तकं वाचायचे. निवृत्तीनंतर रोज आंघोळीआधी पाच गणितं सोडवायचा नेम. एखादं अडलं की आंघोळ लांबायची. मग त्यांची बायको, जिला सगळी गल्ली अक्का म्हणायची, आतून सांगायची, "आजचं गणित भारी दिसतंय. बंब दोनदा विझला."

मी बी.एस्सी.ला होते आणि मोजणी, संभाव्यता हे विषय माझ्या डोक्यावरून जात होते. अण्णांनी चिंचोक्यांचा डबा पुढे ठेवला. दहा पत्रं दहा पाकिटांत अशी घालायची की एकही आपल्या पाकिटात पडू नये, किती तऱ्हा? हे गणित वाचताच ते आधी रागावले. "असा सॉर्टर मी एक दिवस ठेवला नसता." मग म्हणाले, "दहा कशाला? स्वल्प लहान करून बघ. तीन पत्रं घे." तीनच्या दोन तऱ्हा निघाल्या, चारच्या नऊ. हात बसल्याशिवाय सूत्राला शिवायचं नाही, अशी त्यांची सक्त ताकीद होती.

रस्त्यांच्या जाळ्याचा धडा तर त्यांनी पायांनी शिकवला. आमच्या भागातली प्रत्येक गल्ली एकदाच चालायची, एकही दुसऱ्यांदा नाही, असा टपालवाल्याचा मार्ग त्यांनी आखला. ज्या नाक्यांवर तीन किंवा पाच अशा विषम वाटा मिळतात असे दोनच नाके होते. एक आमच्या घरापाशी, दुसरा पार टोकाला. एकावरून निघालं की दुसऱ्यावरच संपणार, हे गणितानं ठरलेलं. त्याप्रमाणे अण्णा भर दुपारी टोकाला जाऊन संपले आणि तिथून जटक्यात, म्हणजे घोडागाडीत, बसून घरी आले. "चालत आलो असतो तर गल्ली दुसऱ्यांदा झाली असती," ते म्हणाले. अक्का ताट वाढून तासभर बसली होती. त्या दिवशी ती त्यांच्याशी बोलली नाही.

आणि तरीही मी नापास झाले. चार गुणांनी.

पाच पाहुणे वाटोळ्या टेबलाभोवती किती प्रकारे बसतील, असा प्रश्न होता आणि पुढचे तीन पोटप्रश्न त्याच आकड्यावर उभे होते. मी ठणकावून एकशे वीस लिहिलं, कारण अण्णांनी तसंच शिकवलं होतं. "पंगत सरळ असो की वाटोळी, पहिलं पान ते पहिलं पान. वाढपी कुठून तरी सुरुवात करणारच ना." आमच्या गल्लीत वाटोळं टेबल पाहिलं होतं कुणी? बरोबर उत्तर, चोवीस, खळीखाली झोपलं होतं. निकाल कळल्यावर अण्णांनी स्वतः ओला हात लावून ती पानं सोडवली.

माझे वडील कापडाचे व्यापारी, एकवचनी आणि तापट. "पुरे झालं शिक्षण," ते म्हणाले. बेळगावचं स्थळ होकाराची वाट बघत होतं. मी स्वयंपाकघरात रडत होते, तेवढ्यात अण्णा आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "नापास मी झालोय, पोरगी नाही. पुरवणी परीक्षेपर्यंत थांबा."

"अण्णा, तुम्ही स्वतः मॅट्रिकसुद्धा नाही," वडील म्हणाले.

मला धरणी दुभंगावी असं झालं. अण्णांचा चेहरा उतरला, पण ते हलले नाहीत. "सरी, बरोबर आहे. म्हणूनच चुकलो. पण कुठे चुकलो ते मला कळलंय."

वडिलांनी सप्टेंबरपर्यंत मुदत दिली.

दुसऱ्या दिवशी, जन्मात बाहेरचं न खाल्लेले अण्णा मला आणि अक्काला घेऊन बाजारातल्या एका हॉटेलात शिरले. तिथे संगमरवरी वाटोळं टेबल होतं, भोवती पाच खुर्च्या. तिघं आम्ही, चौथ्या खुर्चीत छत्री, पाचवीत पिशवी. "आता सगळे एकेक खुर्ची सरका," अण्णा म्हणाले. आम्ही सरकलो, छत्रीही सरकली. "तुझ्या डावीकडे कोण?" अक्काच होती. उजवीकडे छत्रीच. असं पाच वेळा झालं. वेटर गोंधळून विचारू लागला, "स्वामी, कुर्ची सरी इल्लवा?" खुर्चीत काही बिघाड आहे का, असं बिचाऱ्याला वाटलं. अण्णांनी त्यालाही सगळं कन्नडमध्ये समजावलं. एकच बैठक पाचदा मोजली जाते, म्हणून एकशे वीसला पाचानं भागायचं. अक्का म्हणाली, "कळलं. आता कॉफी तरी मागवा."

सप्टेंबरात टेबल आलंच नाही. माळेत ओवायचे पाच वेगळे मणी आले. माळ फिरवता येते तशी उलटताही येते, हे मला बसल्या जागी सुचलं आणि मी चोवीसचेही निम्मे केले. पास झाले. अण्णांना जाऊन सांगितलं तर त्यांनी अक्काची जुनी माळ सोडून तिचे पाच मणी ओवून पाहिले, उलटसुलट केले आणि हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले. तसेच उठून वडिलांकडे गेले. "मी परीक्षेला बसलो असतो तर पुन्हा नापास झालो असतो," ते म्हणाले. एवढ्या आनंदानं स्वतःचा पराभव सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. वडिलांनी त्याच संध्याकाळी बेळगावला नकाराचं पत्र लिहिलं आणि पेटीत टाकायला अण्णांच्याच हातात दिलं.

पुढे मी कॉलेजात शिकवू लागले. अण्णा जाऊनही आता खूप वर्षं झाली. शेकडो मुलं माझ्या हाताखालून गेली, पण माझा पहिला विद्यार्थी कॉलेजातला नव्हता. निकालानंतरच्या रविवारी अण्णा वही घेऊन आमच्या ओसरीवर आले. वडिलांनी स्वतः उठून त्यांना सतरंजी अंथरली. मी घाबरत घाबरत भराभरा सांगू लागले, तर त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "बाई, स्वल्प हळू. हे मला समजलं नाही."