भिंतीतला मोर

रनाळ्याची कौसाबाई गिलावा घोटायला बसली की तिला वेळेचं भान राहत नसे. तापीतून वेचून आणलेला गुळगुळीत गोटा ओल्या चुन्यावर गोल गोल फिरायचा, भिंतीला हळूहळू चकाकी यायची, आणि ती गुणगुणत दूर कुठेतरी निघून जायची. नवरा लोटन गवंडी होता. तो गेल्यावरही लोक तिला बोलावत. तशी घोटाई पंचक्रोशीत कोणाची नव्हती.

छत्तीस साली नंदुरबारातल्या एका जुन्या पाठशाळेचं हायस्कूल करायचं ठरलं. अंधाऱ्या खोल्यांना खिडक्या पाडल्या. मधल्या दालनात विज्ञानाचा वर्ग भरणार होता. हेडमास्तर चुनीलाल यांना तिथं भिंतीतच मोठा काळा फळा हवा होता. ते काम कौसाबाईकडे आलं.

जुनी सफेदी खरवडताना खालून एक मोर निघाला. निळा, अर्धा पुसलेला, मान वळवून मागे पाहणारा. नव्या खिडकीतून ऊन आत आलं आणि तिला वाटलं, त्याची पिसं हलली.

नवा गिलावा धरून बसावा म्हणून जुन्या भिंतीला छिन्नीनं टाचे मारून खाचा पाडाव्या लागतात. तिनं सगळीकडे मारले. मोरापाशी छिन्नी टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. शेवटी तेवढी जागा तशीच ठेवून तिनं वर चुना चढवला, काजळी घालून घोटला. कोणाला काही बोलली नाही. आयुष्यात पहिल्यांदा आपण कच्चं काम केलं, हे तिला कळत होतं. तरी दुपारी डोळा लागला की फळ्याच्या काळ्या पाण्यातून तो मोर सावकाश चालत जाताना दिसे.

दुसऱ्या पावसाळ्यात नेमका तेवढाच पोपडा फुगून खाली आला. मास्तरांनी तिला बोलावून घेतलं.

"कौसाबाई, बाकी भिंत लोखंडासारखी आहे. इथंच कसं सुटलं?"

तिनं पदर सावरला आणि उघड्या पडलेल्या मोराकडे बोट केलं. "चूक मन्ही शे, मास्तर. आठे मन्हा हात चालना नही."

मास्तरांनी जवळ जाऊन मोराच्या वळलेल्या मानेवरचा चुना बोटानं पुसला.

"गणित लिहायला उरलेली जागा पुरते," ते म्हणाले. "याच्या कडा तेवढ्या नीट बांधून द्या."

तिनं कडा बांधल्या, आणि त्याची मजुरी घेतली नाही. त्यानंतर बाजाराला आली की ती शाळेच्या ओट्यावर टेके. आत मास्तर शिकवत ते सगळं समजे असं नाही, पण त्यांचा आवाज तिला आवडायचा.

एके दिवशी त्यांनी खिडकीत तिकोनी काच धरली. उन्हाचे सात रंग दारातून बाहेर ओट्यावर उतरले. कौसाबाईनं चुन्यानं चिरलेला तळहात पुढे केला. रंग हातावर आले. मूठ मिटली तर बोटांवर चढले. आत पोरं मोठ्यानं रंगांची नावं म्हणू लागली, आणि तीही त्यांच्यामागून पुटपुटत राहिली.