गादीवालीचा दावा

"अगं, भर सुनावणीत विमा कंपनीच्या वकिलाला उलटं बोललीस?" सासूनं कपाळाला हात लावला.

"मग काय! कापसाचं गोदाम जळालं तरी कंपनी पैसे देईना. वर तो म्हणतो, ही बाई व्यापारी, ग्राहक मंचात हिचं काय काम? मी म्हटलं, धंदा मी गाद्यांचा करते, विम्याचा नाही. विमा तुमच्याकडून विकत घेतला, तिथं मी गिऱ्हाईकच!"

"आणि मंचाचे साहेब?"

"दावा चालणार म्हणाले."

नवऱ्यामागं दुकान सांभाळणाऱ्या या सुनेच्या जिभेला हाड नाही, असं गल्लीभर सांगत फिरणारी म्हातारी तरातरा दारात गेली आणि गरजली, "ऐकलंत का? आमच्या सुनेनं कंपनीची बोलती बंद केली!"

"आत्या, मिरवणं पुरे. खोळीचं टोक धरा," म्हणत सुनेनं दाभणात दोरा ओवला.