बिनहळदीचं वरण

माझ्या अंगावर पित्त उठायला लागलं तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. हातांवर, मानेवर लाल चट्टे यायचे, खाज थांबायची नाही. आईने आमसुलं भिजवून त्याचं पाणी लावलं. पित्त म्हटलं की आमच्या मोहने गावच्या चाळीत तेच करतात. मग ऐन परीक्षेत ओठ सुजला आणि मी कल्याणला एका डॉक्टर बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, बऱ्याच फळांत, मसाल्यांत, चहात सॅलिसिलेट नावाचं द्रव्य असतं, ते तुला सोसत नसावं. चार आठवडे बंद करून बघू, मग एकेक पदार्थ परत सुरू करू. त्यांनी इंग्रजीत छापलेली यादी दिली.

घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच. जेवताना मी यादी मराठीत सांगितली.

"कसली यादी म्हणालीस?" पप्पांनी विचारलं.

"कमी सॅलिसिलेटची."

"कमी सॅलरीची? ती तर मी वीस वर्षं पाळतोय."

भाऊ हसला, मीही हसले. आई मात्र हळदीपाशीच अडकली होती.

"वरणात हळद नको?"

"चिमूटभरही नको. फोडणीपण नको."

"बाय, तसलं वरण सुतकात करतात."

ते मला माहीत होतं. आजोबा गेले तेव्हा आम्ही तेच पांढरं वरण खाल्लं होतं. मी म्हटलं, हे औषधासारखं आहे, थोडे दिवसच. तिने वरणाच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाली, "बरं, करते."

त्यानंतर माझं ताट वेगळं झालं. भात, वरण, उकडलेला कोबी, सोललेला बटाटा. कॉलेजात मैत्रिणी चहाला बोलवायच्या. सॅलिसिलेट समजावून सांगायला मला जमायचं नाही, मी 'उपवास आहे' म्हणायचे. त्यावर कोणी प्रश्न विचारत नाही. "रोज उपवास? नवरा एकदम हिरो मिळणार तुला," एक म्हणाली. पुढे पुढे त्यांनी बोलवायचं सोडलं. चूक त्यांची नव्हती.

तीन आठवडे झाले तरी चट्टे जाईनात. मी काय काय खाते ते वहीत लिहीत होते. डॉक्टर बाईंनी वही वाचली आणि एवढंच विचारलं, "स्वयंपाक कोण करतं?"

घरी येऊन मी आईला विचारलं. तिने ओट्यावरून हात फिरवला.

"हळद एवढीशी टाकायचे. दिसायचीपण नाही."

"आई, का?"

"तुझे पप्पा रोज हायवेवर गाडी चालवतात. घरात सगळी धडधाकट असताना मी पांढरं शिजवलं आणि काही झालं म्हणजे?"

रस्त्याने येताना मी बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. मी वही उघडून मागच्या प्रत्येक दिवसापुढे 'हळद' लिहिलं.

मी पहिल्यापासून सुरुवात केली. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून एका छोट्या पातेलीत माझं शिजवायचे. आई तोवर पाठ करून पडलेली असायची. जागी असायची, मला कळायचं. मी दाराजवळ बसून एकटीच जेवायचे, कारण माझं ताट बघितलं की तिचा घास अडायचा.

चौथ्या आठवड्यात हात स्वच्छ झाले. डॉक्टर बाईंनी विचारलं, आधी काय सुरू करायचं? मला चहा हवा होता. तरी मी हळद म्हणाले. मला आईच्या हातचं वरण परत खायचं होतं.

आईने ते केलं, मुद्दाम तूप जास्त घालून. त्या दिवशी आम्ही चौघं एकत्र जेवलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मानेवर चट्टे आले. थोडे दिवस थांबून परत केलं, परत आले, या वेळी हातांवरही. त्या वेळी आईने माझा हात धरून दिव्याखाली नेला आणि खूप वेळ बघत राहिली.

"म्हणजे माझ्या हळदीनेच."

"सहा महिन्यांनी परत बघू म्हणाल्यात."

तिने माझा हात सोडला.

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा ती कामावर निघून गेली होती. गॅसवर माझी पातेली होती. आत पांढरं वरण, मीठ आणि लसूण घातलेलं. झाकणावर बाहेरून तिने हळदीकुंकवाची दोन बोटं लावली होती. ती पुसली जाऊ नयेत म्हणून मी झाकण कडेने उचललं, आणि दाराजवळ जाऊन जेवायला बसले.