आधी बाजूला, मग विचारून

आमच्या गल्लीत संगणक रखडला की प्रभूला बोलावतात. पण हा माणूस आल्या आल्या संगणकाकडे बघतच नाही. आधी विचारतो, काका, दुपारी झोपता कधी? पहिल्यांदा मला रागच आला. माझ्या झोपेशी याला काय करायचंय? सोलापूरच्या उन्हात दुपारी दुकानात कुणी फिरकत नाही, तेवढ्यात अँटिव्हायरसचं मोठं स्कॅन उरकावं, हा त्याचा हिशेब. जेवायला जाताना मेन बटण बंद करायची आमची सवय त्यानं मोडली. पेनड्राइव्ह लावला की तपासणी, अपडेट आपोआप, बाकी कशाला हात लावायचा नाही.

एका गोष्टीवर मात्र तो हटून बसतो. संशय आलेली फाइल परस्पर काढून टाकायची नाही. बाजूला कोंडून ठेवायची आणि मालकाला विचारायचं.

यावरूनच शेजारच्या महेश्वरीअक्कांशी त्याचं वाजलं. अक्का लग्नपत्रिका छापतात, मराठी आणि कन्नड. ऐन लगीनसराईत पडद्यावर सारखे प्रश्न येतात म्हणून त्या वैतागल्या, सरळ काढून टाकायचं लाव म्हणाल्या. प्रभू हसून नाही म्हणाला. त्या दिवशी त्याला चहा मिळाला नाही.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी अक्कलकोटची एक पत्रिका उघडली, तर कन्नड अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. अक्कांचे यजमान संगप्पा यांनी वारण्याआधी आपल्या हाताच्या वळणाची अक्षरं संगणकात बसवून घेतली होती. ती चालवणारा जुना प्रोग्राम अँटिव्हायरसला चोर वाटला. प्रश्न आला असणार, अक्कांनी न वाचताच मिटवला. दुसरी प्रत कुठेच नव्हती. मला अक्कांकडे बघवेना, मीच प्रभूला फोन लावला.

प्रभू आला. कोंडलेल्या फाइलींत प्रोग्राम जसाच्या तसा होता. त्यात धोका नाही याची नीट खात्री करून त्यानं तो जागेवर ठेवला, आणि पुन्हा अडवू नये अशी सोय केली. संगप्पांचं गोल वळण पडद्यावर आलं. अक्कांनी डोळ्याला पदर लावला आणि चहा मागवला, मलासुद्धा.

"प्रश्न लई येतात म्हणत होता की तुमी," प्रभू चेष्टेनं म्हणाला. "बंद करू का?"

"ऱ्हाऊ दे," अक्का म्हणाल्या. "हे गेल्यापासनं मला विचारून काही करणारं हितं दुसरं कोण हाय?"

तेव्हापासून प्रभू रोज दुपारी जाता जाता दारातून विचारतो, अक्का, जेवलात का. त्या वैतागतात, पण उत्तर देतात.